मनोरीच्या खाडीतली कोकर आणि आईचा नवस

हलक्या काठीने खाडीतली ट्रेव्हली नावाची मासळी कशी पकडावी, यावर हल्ली मराठीतही बरंच लिहून येतं. लिहिणारे बहुतेक तिशीतले असतात. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि छातीशी मासा धरलेला फोटो. खाली काठीचं वजन, दोरा किती ताकदीचा, आमिषाचा रंग कोणता. वाचता वाचता वाटलं, आपणही अशी एक मोहीम केली आहे, तीही ऐंशीच्या दशकात, तर आपणही लिहावं. माझ्याकडे फोटो मात्र नाही. कॅमेरा नेला होता, पण त्यात रोल नाही हे मासा होडीत आल्यावर कळलं.

आम्ही दिंडोशीला सरकारी वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो, मी, आई आणि बाबा. मूळचे मालवणकडचे. बाबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते, आणि होते असं म्हटलेलं त्यांना चालत नसे. गिरण्यांचा संप होऊन तीन वर्षं होत आली होती. मी अंधेरीला एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात चिकटलो होतो, त्यावर घर चालायचं. बाबा मात्र अजून पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, गेटपास खिशात घालायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे. दुसरं काम बघा म्हटलं की म्हणायचे, गिरण उघडली आणि मी जागेवर नसलो तर साचा दुसऱ्याला देतील.

संप सुरू झाला तेव्हा आईने देवासमोर गाऱ्हाणं घातलं होतं. आमच्याकडे गाऱ्हाण्याची एक पद्धत असते. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'होय महाराजा' म्हणायचं. आईने सांगितलं, "बा महाराजा, ह्येंची गिरण सुरू होयसर बाजारातली मासळी ह्या घरात येवची नाय." बाबा शेजारी हात जोडून उभे होते. जन्माची सवय, तोंडातून 'होय महाराजा' निघून गेलं. आपण कशाला होकार दिला हे त्यांना दुपारी ताट समोर आलं तेव्हा समजलं.

संप पंधरा दिवसांत मिटणार असा मजल्यावरच्या सगळ्यांचा अंदाज होता, त्यामुळे नवसही पंधरा दिवस झेपेल इतपतच होता. तो तीन वर्षं ताणला गेला. मी अंधेरीच्या खानावळीत नवसाच्या हद्दीबाहेर बसून बांगडा हाणायचो आणि संध्याकाळी घरी येऊन आमटी-भात गिळायचो. बाबांना हद्दीबाहेर जाणं जमलं नाही. देवाला शब्द दिला होता, आणि देव त्यांच्या दृष्टीने अंधेरीलाही होता. कोकणातला माणूस तीन वर्षं मासळीशिवाय राहिला की त्याचं काय होतं, ते मी घरात बसून बघितलंय. तो भांडत नाही, तक्रार करत नाही. तो जेवताना बोलायचा थांबतो, आणि मग हळूहळू एरवीही.

या सगळ्यात सुहास जोशी आला. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, मालाड पश्चिमेला राहायचा. घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. त्याच्या आखातातल्या मेहुण्याने सुट्टीला येताना त्याला एक मासेमारीची काठी आणून दिली होती. फायबरची, दोन तुकड्यांची, हातात धरली तर आहे की नाही कळू नये इतकी हलकी. तिला रीळ, रिळावर केसासारखा बारीक दोरा, आणि सोबत आमिष म्हणून चकचकीत पोलादी चमचे, गळ लावलेले. मेहुण्याने एक इंग्रजी मासिकही दिलं होतं. त्यात लिहिलं होतं की नदी जिथे समुद्राला मिळते तिथे भरतीबरोबर ट्रेव्हली आत शिरते, आणि बारीक दोऱ्यावर तिच्यासारखी झुंज कुणी देत नाही. चित्र बघून मी म्हटलं, अरे ही तर आमची कोकर. सुहासने आयुष्यात मासा चाखला नव्हता, पण पकडायचं त्याला वेड लागलं. मासिकातले गोरे लोक मासा पकडून, त्याचा मुका घेऊन परत पाण्यात सोडतात, हे त्याला फार उदात्त वाटायचं.

मी घरी जेवताना सहज ही गोष्ट सांगितली. आई वाढता वाढता थांबली. दोन दिवसांनी बाबा खाली पाणी भरायला गेले असताना मला म्हणाली, "मी बाजारातली म्हणालंय. खाडीतली नाय म्हणूक. घरच्या माणसान स्वतः गरवल्यान, तर ता बाजारातला कसा होयत?" गरवणं म्हणजे गळ टाकून मासा पकडणं. एखाद्या वकिलाला सुचलं नसतं ते आईला आमटी ढवळताना सुचलं होतं.

तर अशी मोहीम ठरली. जोशी खेळ म्हणून जाणार, मी देवाच्या कायद्यातून वाट काढायला, आणि बाबा आम्हा दोघांवर विश्वास नाही म्हणून.

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती तेव्हा मी आणि सुहास सराव म्हणून मार्व्याला गेलो. मालाड स्टेशनच्या पश्चिमेला बस मिळते, ती थेट किनाऱ्यावर सोडते. ज्यांना फक्त हवा खायची आहे त्यांनी तिथेच थांबावं, शहाळं प्यावं आणि परत यावं. आम्ही काठी जोडली. सुहासने मासिकात दाखवल्याप्रमाणे उजवा पाय पुढे टाकून फेक केली. पहिला चमचा मागच्या तिवरांत अडकला. दुसरा पुढच्या तिवरांत. तिसरा कुठे गेला ते आजपर्यंत समजलेलं नाही. सहलीला आलेलं एक कुटुंब चादर पसरून आमच्याकडे तोंड करून बसलं, आणि त्यातल्या गृहस्थांनी पतंग अडकलाय का म्हणून चौकशी केली. अंधार पडेपर्यंत आमच्याकडे एक चमचा उरला.

म्हणून चमच्याच्या जोडीला कोलंबी न्यायची ठरली. मालाडच्या बाजारात मी वाटाभर घेतली. पण ती रात्री ठेवायची कुठे? बाजारातली मासळी आमच्या घरात नेणं शक्यच नव्हतं. खडे मीठसुद्धा मी वाटेत दुकानातून घेतलं, तिथेच उभ्या उभ्या लावलं आणि पुडकं सुहासकडे दिलं. त्याने ते घरी नेऊन खिडकीच्या गजाला बाहेरून टांगलं आणि आपल्या आईला सांगितलं की गुलाबाचं खत आहे. मालवणकरांच्या घरात कोलंबीला मज्जाव होता म्हणून ती रात्र तिने जोशांकडे काढली.

रविवारी पहाटे बाबा आमच्याआधी तयार होते. पहिल्या पाळीची सवय. खिशात गेटपास होता. मी म्हटलं, खाडीवर गेटपास कशाला? त्यांनी खिशाचं बटण लावलं. वाटेत मालवणी नावाचा भाग लागतो. बसच्या खिडकीतून पाटी वाचून बाबा जरा सावरून बसले, दोन-तीन थांबे निरखून बघितले आणि म्हणाले, एकपण आपलो दिसणा नाय. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य होतं.

मार्व्याहून फेरीबोट पलीकडे मनोरीला नेते. पाच मिनिटांचा प्रवास, पण उतरलात की मुंबई मागे राहते. कौलारू घरं, दारात क्रूस, दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील. बोंबलाच्या वासात बाबा क्षणभर उभे राहिले आणि मग जरा जास्तच भरभर चालू लागले. सुहासने नाकाला रुमाल लावला होता. नाश्त्याला एका घराच्या ओट्यावर चहा आणि पाव मिळाला, बरोबर ऑम्लेट हवं का विचारतात. सुहासने नुसता पाव खाल्ला.

होडीसाठी इनास नावाच्या माणसाकडे जायला सांगितलं होतं. मढच्या बंगल्यांत सिनेमाची शूटिंगं चालतात, तिथल्या एका सिनेमावाल्याने मागे कधीतरी इनासची होडी दिवसभर भाड्याने घेतली होती. तेव्हापासून तो सगळ्यांना सिनेमाचा भाव सांगायचा. आम्ही भाव ऐकून परत फिरणार होतो. बाबा पुढे झाले. ते मालवणीत बोलत होते, इनास त्याच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या मराठीत, आणि बोलणं जितकं भावाबद्दल होतं तितकंच समोरच्याला नीट मराठी येत नाही याबद्दल. शेवटी परवडेल असा आकडा ठरला. इनासची अट एकच, मला झोप येते, वल्ही तुम्ही मारा.

खाडीच्या तोंडाशी इनासने नांगर टाकला आणि खरोखरच टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला. भरती सुरू झाली होती. एका बाजूला मनोरी, दुसऱ्या बाजूला मढकडचा किनारा, मध्ये आम्ही तिघं आणि केसाएवढा दोरा. कोलंबी लावून टाकली की ओढ लागायची, वर काढलं की नुसता गळ. तळाचे काटेरी शिंगाळे मासे आणि खेकडे आमच्या जिवावर न्याहारी करत होते. एकदा शिंगाळा आला, तो सोडवताना त्याच्या काट्याने सुहासचा अंगठा फुटला. त्याचा मुका घ्यायचं कुणाच्याही मनात आलं नाही. ऊन वर चढेपर्यंत वाटाभर कोलंबी संपली.

मला आता खरोखर काळजी वाटायला लागली होती. आईने सकाळी निघताना नारळ खोवायला घेतला होता. तिने तीन वर्षांत पहिल्यांदा माशाच्या कालवणात घालायच्या तिरफळांचा डबा वरून काढला होता. तिरफळं भिजत घालून ती बसली असणार, आणि आम्ही रिकाम्या हातांनी जाणार. इनास टोपीखालून म्हणाला की त्याच्या मेहुण्याकडे ताजी कोकर मिळेल, कुणाला कळणार आहे? मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "तेका कळतला," आणि बोट वर केलं. विषय संपला.

सुहास अंगठ्याला रुमाल गुंडाळत होता, म्हणून काठी बाबांच्या हातात आली. उरलेला एकुलता चमचा लावला होता. त्यांना फेकता येत नव्हतं. त्यांनी तो होडीच्या कडेने नुसता सोडला आणि सुस्कारा टाकून रीळ फिरवायला लागले, तेही उलट्या बाजूने.

आणि काठी पाण्यात वाकली. म्हणजे टोक दिसेनासंच झालं. रीळ किंचाळत सुटलं. बाबा उभे राहिले, होडी कलंडली, इनास जागा झाला. सुहास मासिकातलं सगळं ज्ञान एकदम ओरडून सांगत होता, मी बाबांची कंबर धरली होती आणि बाबा त्या माशाला मालवणीत अशा शिव्या घालत होते की त्या मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकल्या नव्हत्या. आम्ही करायला नको ते सगळं केलं. दोरा हातात धरला, काठी खाली केली, रीळ दोन्ही बाजूंनी फिरवलं. इतक्या बारीक दोऱ्यावर तो मासा कधीच सुटून जायला हवा होता. पण त्याने होडीखालून फेरी मारली आणि स्वतःला नांगराच्या दोरात गुंडाळून घेतलं. इनासने शांतपणे नांगर ओढला. नांगराबरोबर मासाही आला.

कोकर होती. रुपेरी, पाठीवर हिरवट झाक, शेपटी पिवळी, दोन किलोला जरा कमीच. होडीच्या फळीवर ती शेपटी आपटत होती आणि बाबा हसत होते. भिजलेला सदरा, विस्कटलेले केस, आणि तोंड भरून हसू. मी त्यांची कंबर अजून धरूनच होतो. सुहासने कॅमेऱ्याचं बटण दाबलं, मग त्यात रोल नाही हे त्याच्या लक्षात आलं. मग तो हळूच म्हणाला की आता तिला सोडायला हरकत नाही, मासिकात तसंच करतात. बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि मासा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन बसले. परतीच्या बसमध्येही तो तिथेच होता.

घरी आईने मासा हातात घेतला, डोळ्याला लावला आणि कापायला बसली. बाबा हातपाय धूत होते तेवढ्यात मी तिला सगळी मोहीम सांगितली, जोशांकडे टांगलेल्या कोलंबीपासून. संध्याकाळपर्यंत तिरफळं घातलेलं कालवण उकळायला लागलं आणि तव्यावर तुकड्या चरचरायला लागल्या. वास जिन्यात गेला. तीन वर्षं आमच्या दारातून हा वास बाहेर पडला नव्हता, आणि मजल्यावर सगळ्यांना का ते ठाऊक होतं. हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दारात परबकाका उभे राहिले. शेजारचेच, बाबांच्याच खात्यात, दोघांचे साचे जवळजवळ. अंगात बनियन, पायात काही नाही, धावतच आले होते. म्हणाले, "गिरण सुरू झाली? वास ईलो म्हणान ईलंय."

त्यांच्या मागे त्यांची बायको होती. तिच्या हातात साखरेची वाटी होती.

बाबा पाटावर बसलेले तसेच राहिले. मग म्हणाले, नाही, पोराने खाडीवर नेलं होतं, मासा गरवलेला आहे. परबकाका दोनदा मान हलवून बरं बरं म्हणाले आणि परत गेले. त्यांचं दार लागल्याचा आवाज आम्हाला आत ऐकू आला.

बाबांनी ताट हाताने पुढे सरकवलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "बाजारातली काय नि खाडीतली काय. मी आज खाल्लंय तर तीन वर्सां फुकट गेली. उद्या उघडूची असली तरी उघडूची नाय."

तेव्हा मला कळलं की त्यांच्याकडे गिरणीतलं तेवढं एकच काम उरलं होतं. मासे न खाणं. ते काम ते रोज, सुट्टी न घेता, करत होते. आणि आम्ही ते त्यांच्या हातून काढून घ्यायला निघालो होतो, तेही कायद्यातली पळवाट शोधून.

कालवण निवत होतं. आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती. ती वळली, मिठाची बरणी उचलून बाबांच्या ताटाजवळ ठेवली आणि म्हणाली, "जेवा तुमी. नवस कालच मोडलो. ह्या झिलान काल सांजेक बाजारातली कोलंबी घरात हाडल्यान, मीठ लावूक. बरणीत कोलंबीची मिशी गावली माका."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. कोलंबी आमच्या घराच्या जिन्यावरसुद्धा आली नव्हती. आमच्या बरणीतल्या मिठाला मी हात लावला नव्हता. कोलंबी मालाडला जोशांच्या खिडकीला लटकत होती, गुलाबाचं खत म्हणून.

बाबांनी मला विचारलं, "खरा?"

मी म्हटलं, "हो."

ते बराच वेळ बरणीकडे बघत बसले. मला वाटलं, आता ते उठून मला मारतील. मी इतका मोठा झालो होतो तरी वाटलं. मग त्यांचे खांदे हळूहळू खाली आले, ओझं उतरवल्यावर येतात तसे. म्हणाले, म्हणजे आमचा दोष नाही, ह्या गाढवाने घोटाळा केला. आणि ताट जवळ ओढलं.

मी कुणालाही इतकं मन लावून जेवताना बघितलेलं नाही. त्यांनी डोकं फोडून खाल्लं, डोळ्यांमागचं मांस काढलं, कालवण दोनदा भातावर घेतलं. शेवटी एक तुकडी आणि वाटीभर कालवण झाकून ठेवलं आणि मला परबांकडे द्यायला सांगितलं. परबकाकांनी वाटी घेतली. त्यांच्या बायकोने ती परत करताना त्यात साखर घालून दिली, मघाशी काढलेली तशीच पडली होती म्हणून.

हात धुऊन आल्यावर बाबांनी सदऱ्याच्या खिशातला गेटपास काढला. खाडीच्या पाण्याने त्याचा लगदा झाला होता. तो त्यांनी खिडकीत वाळत घातला आणि मला विचारलं की कुर्ल्याच्या त्या गोदामात माणूस पाहिजे म्हणून तू मागे म्हणाला होतास, ती जागा अजून आहे का. जागा होती. आठवड्याभरात ते कामाला लागले आणि पुढची बारा-तेरा वर्षं तिथेच राहिले. आमच्या घरात पुन्हा रविवारी मासळी यायला लागली, बाजारातली.

गिरण उघडली नाही. पुढे कुणी विचारलं, संपाचं काय झालं, कुणाचं चुकलं, तर वसाहतीत पुढारी, मालक, सरकार अशी एकेकाची नावं घेतली जायची. बाबा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि मग माझ्याकडे बोट करायचे. म्हणायचे, तुम्हाला ठाऊक नाही, गिरण ह्याच्या कोलंबीने बंद पाडली. माझ्या लग्नात त्यांनी हे व्याह्यांना सांगितलं. माझ्या मुलांनाही सांगितलं. मी दर वेळी मान खाली घातली. तो आरोप घेताना मला कधी वाईट वाटलं नाही, उलट जरा अभिमानच वाटायचा. बाबा गेले तोपर्यंत मी तो पुरता कमावला होता.

आता कुणाला जायचं असेल तर सांगतो. मार्व्याहून मनोरीची फेरीबोट अजून चालते. भरती सुरू होताना खाडीच्या तोंडाशी पोचा. काठी हलकी घ्या, चमचे भरपूर घ्या, कॅमेरा हल्ली फोनमध्येच असतो त्यामुळे रोलची काळजी नाही. शिंगाळ्याला हात लावू नका. मासा सोडायचा की खायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. सुहास पुढे कॅनडाला गेला. तिथे तो पकडून सोडतो आणि फोटो पाठवतो. काठी त्याने मला दिली, ती माळ्यावर आहे.

आई ऐंशीच्या पुढे गेली आहे, माझ्याकडेच असते. खरं काय झालं ते आम्ही दोघं कधी बोललेलो नाही, एकांतातसुद्धा नाही. गेल्या रविवारी मी बाजारातून कोलंबी आणली आणि पिशवी ओट्यावर ठेवली. ती खुर्चीत बसून लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मिठाच्या बरणीपासून लांब ठेव ती."

मी लांब ठेवली.